न्यूरेंबर्ग पायी पाहिलं, बेळगाव राहिलं होतं

लेख थोडा मोठा झालाय, सवडीने वाचा.

गेल्या जूनमध्ये मी आणि सौ. लेकीकडे जर्मनीला गेलो होतो. एका शनिवारी जावई, त्यांचे दोन मित्र आणि मी असे न्यूरेंबर्ग बघायला निघालो. सगळं पायी. त्या गावाचा जुना तट अजून जवळजवळ 4 किलोमीटर उभा आहे. वर राजवाड्याचा किल्ला, खाली ड्यूरर या चित्रकाराचं घर, बाजारचौकात सोनेरी रंगाचा उंच कारंजा. त्याच्या जाळीतली कडी फिरवली की मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. मी पण फिरवली, गुडघ्यासाठी. 2 जानेवारी 1945 च्या रात्री बॉम्बफेकीत हे जुनं गाव जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं होतं, आज दिसतं त्यातलं बरंचसं लोकांनी पुन्हा उभं केलेलं आहे, हे जावयांच्या मित्राने सांगितलं तेव्हा खरंच वाटेना.

संध्याकाळी त्या मित्राने विचारलं, तुमच्या भागात असं जुनं किल्ल्याचं शहर आहे का? मी अभिमानाने म्हटलं, आहे की, बेळगाव. किल्ला किती जुना? कुणी बांधला? मी म्हटलं, खूप जुना आहे.

एवढंच उत्तर. बँकेतली 38 वर्षं, त्यातली 9 बेळगावात. रोज निपाणीच्या बसने ये-जा. सेंट्रल बसस्टँडवर उतरलं की समोर किल्ल्याचा खंदक. त्या खंदकाकडे मी 9 वर्षं फक्त बस चुकली की बघितलं!

परत आल्यावर ही गोष्ट आमच्या चौकडीत सांगितली. चौकडी म्हणजे मी, आमच्या शाखेचा जुना कॅशिअर (तो पण निपाणीचा), बैलहोंगलचे अण्णा, जे माझे मॅनेजर होते आणि नंतर दोस्त झाले, आणि बेळगावातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मास्तर मार्चमध्ये मुलाकडे पुण्याला कायमचे जाणार आहेत. ते म्हणाले, "मग मी असेपर्यंत येऊन जा की. रिक्षा नाही, मोटार नाही. चालायचं."

परवा रविवारी, 19 जानेवारीला, जमलं. निपाणीहून पहाटेची बस, पाऊणशे किलोमीटर. साडेआठला आम्ही बसस्टँडवर. अण्णा आधीच येऊन इडली खाऊन बसलेले. "बन्री बन्री, उशीर केलात," म्हणून स्वागत.

किल्ल्यात शिरलो. मास्तर पुढे, हातात छत्री. पाऊस नव्हता, पण शिक्षकाला हातात काहीतरी लागतं. दाराशी दुर्गादेवीचं देऊळ आणि गणपती. किल्ला रट्टांच्या काळात, म्हणजे 1204 च्या सुमाराला, बिचिराज नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने बांधवला. गावाचं तेव्हाचं नाव वेणुग्राम. वेळूचं गाव. पुढे रट्टांनी सौंदत्तीहून राजधानीच इथे आणली. त्यानंतर यादव, विजयनगर. पुढे बहामनी वजीर महमूद गवानने घेतला, मग विजापूरकर, मराठे. शेवटी 1818 मध्ये जनरल मन्रोने 21 दिवस वेढा घालून घेतला. मास्तरांनी ही यादी एका दमात म्हटली आणि म्हणाले, "इतकी वर्षं होतास की रे इथं, एकदा तरी आत आलास काय?"

आलो होतो. एका दाखल्यासाठी. ते पुढे सांगतो.

कमल बसदी हे किल्ल्यातलं जैन मंदिर. 1204 चंच. आत नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे, पण मान आपोआप वर जाते ती छताकडे. दगडातलं कमळ छतातून उलटं लोंबतंय, त्याच्या 72 पाकळ्या. मागचे 24, आताचे 24 आणि पुढे होणारे 24 तीर्थंकर. कॅशिअरने खाली उभं राहून मोजायला सुरुवात केली. आम्ही हसलो. पण खरं सांगू का, नोटा मोजणाऱ्या माणसाला 72 म्हटल्यावर मोजल्याशिवाय राहवत नाही. चाळिशीपर्यंत जाऊन चुकला, पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात दुसऱ्या भाविकांची गर्दी झाली आणि हिशोब अर्धा राहिला.

या बसदीचे दोन शिलालेख आता लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. वेणुग्रामच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन बसदीच्या खर्चासाठी आपापल्या मालावर पट्टी बसवून घेतली, कोणत्या जिनसावर किती ते दगडावर कोरलं. त्या व्यापाऱ्यांत लाट देशचे म्हणजे गुजरातकडचे आणि मलयाळ देशचे लोकही होते. म्हणजे सव्वाआठशे वर्षांपूर्वी बेळगावच्या बाजारात चार भाषा ऐकू येत असणार. आणि पट्टी सगळ्यांना सारखी लागू! बँकेच्या माणसाला यापेक्षा सुंदर दस्तऐवज काय पाहिजे?

अण्णांनी मुद्दाम विचारलं, "मास्तर, शिलालेखाची भाषा कंची?" मास्तर म्हणाले, "संस्कृत." अण्णा म्हणाले, "आणि?" मास्तरांनी छत्री आपटली. "आणि कन्नड. माहीत आहे हो." "हौद्री," म्हणून अण्णा दिवसभर खूश.

शेजारीच सफा मशीद, असदखानाच्या नावाशी जोडलेली. एकाच तटाच्या आत बसदी, मशीद, दुर्गादेवी आणि पलीकडे रामकृष्ण आश्रम. आश्रम आहे ते घर हरिपद मित्र या बंगाली वनअधिकाऱ्याचं. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले, आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे उतरले, मग इथे मित्रांकडे. एकूण 12 दिवस. पुढच्या सप्टेंबरात शिकागो. भाट्यांकडे आले तेव्हा हा तरुण संन्यासी पान-तंबाखू मागतो म्हणून घरच्यांना कोडं पडलं होतं. आम्हा निपाणीकरांना यात कोडं काय ते कळलं नाही. तंबाखूवर तर आमचं गाव उभं राहिलं.

किल्ल्यातून बाहेर पडून खडेबाजार, गणपत गल्ली, रिसालदार गल्ली. हा भाग लिहायला काही नाही, रविवारच्या गर्दीत चारजण चुकू नयेत एवढंच बघत होतो. सार्वजनिक वाचनालयाचा विषय निघाला. 1848 सालची संस्था. इंदिरा संतांचं हे गाव, पु. लं.च्या रावसाहेबांचं हे गाव. 1946 चं मराठी साहित्य संमेलन इथेच भरलं, माडखोलकर अध्यक्ष, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव तिथेच झाला. हे मास्तरांनी अण्णांकडे बघत जरा मोठ्यानेच सांगितलं. शिलालेखाची परतफेड!

हुतात्मा चौकात मात्र सगळे गप्प झालो. दोन दिवसांपूर्वी 17 जानेवारी झालेली, हार अजून होते, सुकलेले. 1956 च्या जानेवारीत हा भाग म्हैसूर राज्यात घालायचं जाहीर झालं तेव्हा उसळलेल्या आंदोलनात गोळीबार झाला. बेळगावचे हुतात्मे आहेतच, आमच्या निपाणीच्या कमळाबाई मोहितेही त्यात गेल्या. मी पाच वर्षांचा होतो. त्या दिवसाचं माझ्याकडे एवढंच आहे की आईने भरदिवसा दाराला आतून कडी लावली आणि आम्हाला उंबऱ्यापासून लांब माजघरात बसवलं. बॅरिस्टर नाथ पै 1971 मध्ये याच हुतात्मा दिनाच्या सभेसाठी बेळगावला आले, भाषण केलं आणि त्याच रात्री हृदयविकाराने गेले. आमच्या घरी रेडिओ होता. वडील जेवणावरून उठले होते.

दाखल्याचं सांगतो म्हटलं होतं. आई गेल्यावर तिच्या नावाचा एक उतारा एका कार्यालयातून हवा होता. मी मराठीत अर्ज लिहून नेला. परत मिळाला. पुन्हा गेलो, पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला अण्णांनी बँकेत माझ्या टेबलाशी बसून तो कन्नडमध्ये लिहून दिला, सही मात्र मी मराठीत केली. काम झालं. माझं मत आजही तेच आहे, माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे. अण्णांनाही ते पटतं, फक्त सीमेचा प्रश्न निघाला की पटत नाही. 1966 चा महाजन आयोग आणि 2004 पासूनचा सुप्रीम कोर्टातला दावा यावर आम्ही 30 वर्षं भांडतोय. निकाल लागला तर आम्ही बोलणार कशावर ही मला काळजीच आहे.

दुपारी कपिलेश्वराचं दर्शन घेऊन शहापुरात. मास्तर रस्त्यात थांबले आणि म्हणाले, "आता परराज्यात आलात." खरंच आहे. इंग्रजी अमदानीत बेळगाव ब्रिटिशांचं आणि शहापूर सांगलीकर पटवर्धनांचं. कापड, सराफी, शहापुरी साड्या यांची पेठ. 1948 मध्ये संस्थानं विलीन झाली तोपर्यंत या गल्लीत एक राज्य संपून दुसरं सुरू व्हायचं. आज कुठे संपतं ते कुणाला सांगता येणार नाही. आम्ही दोन दुकानदारांना विचारून पाहिलं. एकाने कुंदा घ्या म्हणून सांगितलं. घेतला. कुंदा म्हणजे विसरून चुलीवर राहिलेल्या दुधातून झालेला पदार्थ अशी गोष्ट इथे सांगतात. तेवढ्या विसराळू माणसाचे आभार. मास्तरांच्या बहिणीकडे जेवण होतं, मांडे केले होते. गुडघा बरा होता, पोट जड झालं.

चारला रेल्वेचं फाटक ओलांडून टिळकवाडीत. काँग्रेस रोड. टिळकांनी होमरूल लीग बेळगावातच स्थापन केली, एप्रिल 1916. आणि 26 व 27 डिसेंबर 1924 ला काँग्रेसचं 39 वं अधिवेशन इथे भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळी उभारणी केली. अधिवेशनाच्या नगराला नाव विजयनगर, पाण्यासाठी खणलेल्या विहिरीला पंपा सरोवर. वीर सौध म्हणतात त्या जागेत ती विहीर अजून आहे. शताब्दी नुकतीच झाल्याने आवार स्वच्छ होतं.

स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत गंगूबाई हनगल होत्या, 11 वर्षांच्या. गाणं कन्नडमधलं, कर्नाटकाच्या उदयाचं. त्याच दिवसांत कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषदही इथेच भरली. म्हणजे कन्नडचा 1924 चा ठराव आणि मराठीचा 1946 चा ठराव, दोन्ही बेळगावचेच. मास्तर आणि अण्णा दोघेही यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

विहिरीजवळच्या कट्ट्यावर बसलो आणि मी वडिलांची गोष्ट सांगितली. घरातल्यांशिवाय कुणाला सांगितलेली नव्हती.

वडील 1907 चे. अधिवेशनाला ते 17 वर्षांचे स्वयंसेवक म्हणून गेले. घरून परवानगी नव्हती, अर्धी वाट बैलगाडीने, अर्धी पायी. त्यांची नेमणूक सफाईच्या तुकडीत झाली. काका कालेलकर त्या कामावर होते. वरच्या जातीतली मुलं हातात फावडी-बादल्या घेऊन संडासाचे चर साफ करत होती, गांधीजींनी त्यांचं नंतर कौतुकही केलं. अस्पृश्यता निवारणाची परिषदही त्याच मांडवाखाली झाली. वडील परत आले तर आजीला कुणीतरी आधीच सांगितलेलं. तिने त्यांना दारात थांबवलं, विहिरीवर अंघोळ घातली आणि अकरा दिवस गोठ्यात झोपवलं. ताट वेगळं. वडील ही गोष्ट आम्हाला हसून सांगायचे. गांधीबाबाची शिक्षा आजीने दिली म्हणायचे.

पण म्हातारपणी, शेवटच्या आजारात, त्यांनी त्या गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. तो हसून नाही सांगितला. अधिवेशनानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 1925 मध्ये, निपाणीतच मुंबई इलाख्याची प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले, आदल्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा काढलेले, वय 33. वडिलांना परिषदेची माहिती होती. मित्राने बोलावलंही होतं. आमच्या घरापासून चालत जाण्याचं अंतर. वडील गेले नाहीत. मला म्हणाले, "बेळगावात कुणी ओळखणारं नव्हतं रे. इथं सगळे ओळखायचे. पुन्हा गोठ्यात कोण झोपणार?" मग थोड्या वेळाने, "पाऊणशे किलोमीटर गेलो. अर्धा मैल गेलो नाही."

हे मी सांगून संपवलं. अण्णांनी नुसती मान हलवली. मास्तर छत्रीच्या टोकाने मातीत रेघा मारत होते.

कॅशिअर विहिरीकडे बघत म्हणाला, "माझे आजोबा होते त्या परिषदेला."

मी बघतच राहिलो.

"बापाला खांद्यावर घेऊन गेले होते. बाप चार वर्षांचा. त्याला काय आठवणार? पण आजोबा सांगायचे म्हणून त्याच्या तोंडात बसलेलं. सुटाबुटातला आपला माणूस बघायला सगळा वाडा गेला होता. आजी म्हणे पुढं जाऊन बसली, मागं बसायची सवय होती तरी."

अण्णांनी विचारलं, "कुठे भरली होती रे, जागा माहीत आहे?"

"आजोबांनी बापाला दाखवलेली, बापानं मला. आता तिथं वेगळं काय काय झालंय. पण दाखवीन की."

मंडळी, हा माणूस आणि मी 22 वर्षं एका शाखेत होतो. शेजारी शेजारी काउंटर. कॅश जुळली नाही की रात्री आठपर्यंत एकत्र थांबायचो. त्याच्या मुलीच्या लग्नात मी वाढप्याचं काम केलंय, माझ्या बायपासच्या वेळी तो दवाखान्यात बाकावर झोपलाय. त्याचं घर माझ्या घरापासून बारा मिनिटांवर. त्याच्या आजोबांबद्दल मी कधी एक प्रश्न विचारला नव्हता. मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "तू पण वडलांचं कुठं सांगितलास?"

तेवढ्यात मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि पाच चाळीसची बस चुकेल म्हणून घाई सुरू केली. एवढं चालून झाल्यावर शेवटी रिक्षाच केली. कॅम्प, जुनं चर्च, मराठा लाइट इन्फंट्रीचा परिसर, सगळं रिक्षातून मागे जाताना बघितलं. ते आता पुढच्या खेपेला. बसस्टँडवर मास्तरांनी कुंद्याची पिशवी माझ्या हातात दिली. अण्णांनी त्यांना पुण्याला जायच्या आधी बैलहोंगलला यायचं कबूल करून घेतलं, राणी चन्नम्माची समाधी बघायला. मास्तर म्हणाले, "येतो, पण कन्नडमध्ये भाषण नको." अण्णा म्हणाले, "जेवण कन्नडमध्येच."

बसमध्ये कॅशिअरला खिडकी दिली. यमकनमर्डी गेल्यावर तो झोपला. मी त्या जर्मन मित्राला मोबाइलवर कमळाचा फोटो पाठवला, खाली 1204 असं लिहिलं. त्याचं लगेच उत्तर आलं, पाकळ्या किती?

पुढच्या रविवारी 26 जानेवारी आहे. झेंडावंदन झालं की आम्ही दोघे निपाणी पायी बघणार आहोत. निपाणकर देसायांचा वाडा, तंबाखूच्या वखारी, 1981 च्या शेतकरी आंदोलनाचा रस्ता आणि ती जागा. अण्णा आणि मास्तर सकाळच्या बसने येतायत. कुणाला यायचं असेल तर नऊ वाजता बसस्टँडसमोर या. पुढे कॅशिअर असेल.